कोपरची कटिंग

सांगलीहून निघताना यादीत चारच वस्तू होत्या: कात्री, ओलं फडकं, सुतळी, प्लास्टिकची पिशवी. कामही एकच. आईचा गावठी गुलाब पुराच्या पाण्यात गेला. त्याचंच एक रोप कोपरला (डोंबिवली पश्चिमेला) मावशीच्या गॅलरीत होतं, आणि मावशीची इमारत पाडायला आठवडा उरला होता. मावसभाऊ सतीशला मी आदल्या दिवशी मेसेज केला: 'उद्या सकाळी येते. कटिंग करून ठेव.'

बसने पहाटे ठाण्यात कोपरीला सोडलं. टपरीवाल्याने विचारलं, "ताई, कटिंग?"

माझ्या डोक्यात गुलाब. "कोपरला मिळणार आहे," मी म्हणाले.

"कोपरला कशाला जाता? ही कोपरी. इथंच घ्या," म्हणत त्याने अर्धा ग्लास चहा पुढे केला. आल्याचा, कडक. मी दुसराही मागून घेतला.

कल्याणकडे जाणारी गाडी त्या वेळी रिकामी असते. कळवा सुटल्यावर एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी आणि तिवरं. खिडकीत बसून यादी पुन्हा तपासली.

सतीशने दार उघडलं, तर मी त्याला ओळखलंच नाही. खांद्यापर्यंत वाढवलेले केस गेले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, आतून पोह्यांचा वास. मावशीने माझ्या मागे जिन्यात डोकावून पाहिलं.

"एकटीच आलीस? मुलीकडचे कुठायत?"

"कुठली मुलगी?"

"अगं, कटिंग करून ठेव म्हणालीस ना? मला वाटलं, स्थळ आणतेयस. तीन वर्षं मी सांगतेय, ऐकला नाही. तुझ्या एका मेसेजवर जाऊन बसला खुर्चीत."

"मावशी, गुलाबाची कटिंग."

सतीशने डोक्यावरून हात फिरवला. "ताई, मग फांदी म्हण ना गं."

पोहे मात्र उत्तम होते.

गॅलरी रिकामी होती. कुंड्या कालच खाली फाटकापाशी नेल्या होत्या, आणि तिथे सकाळपासून पाइपसाठी रस्ता खणत होते. कुंड्यांच्या जागी मातीचा ढीग. मी मुकादमाला म्हटलं, "दादा, जरा थांबा. मला कटिंग हवी आहे."

"कटिंगला परवानगी लागते, मॅडम. आमच्याकडे आहे. तुमच्याकडे?"

"रस्त्याची नाही हो, गुलाबाची."

त्याने क्षणभर विचार केला. "गुलाबाला नाही लागत," म्हणाला आणि मशीन बंद करायला लावलं.

सतीश ढिगात उतरून हातांनी माती उपसू लागला. वरून मावशी म्हणाली, "अरे, शर्ट."

"राहू दे गं. आता कोण बघतंय?"

कुंडी फुटली होती, पण दोन फांद्या हिरव्या होत्या. पेन्सिलीएवढ्या जाडीचे पाच तुकडे कापले, ओल्या फडक्यात गुंडाळले आणि सांगलीपर्यंत मांडीवर ठेवून आणले. वाटेत ठरवलं, एका शब्दावर इतकी कामं टाकायची नाहीत. माझ्या वहीत आता चहा, केस आणि फांदी असं वेगवेगळं लिहिलेलं असतं.

आईने काटे चाचपून पाहिले. "आपलाच," म्हणाली.

तीन आठवड्यांत चार तुकडे वाळले. पाचव्याला लालसर कोंब आला. मी ओशाळून म्हटलं, "पाचातलं एकच लागलं गं."

"पुरे की," आई म्हणाली. "मुलगीही एकच झाली मला. भागलंच की."