भरतीच्या मैदानावर एकटी

पोलीस भरतीच्या अर्जात सरकारने आम्हा तृतीयपंथींसाठी रकाना ठेवला आणि मी सौंदडच्या कालव्यावरच्या रस्त्याने पळायला लागले. मला घरात मुलगा म्हणून वाढवलं होतं. मी बाई आहे हे सांगितल्यावरही बाबा मला भाताच्या रोवणीला पूर्वीसारखेच सोबत नेत राहिले.

मैदानी चाचणी गोंदियाला होती. बाबा आले, कुंपणाबाहेर थांबले. मी मुलींच्या रांगेत उभी राहिले तर एका हवालदाराने दंड धरून मला बाहेर काढलं आणि साहेबांपुढे नेलं. साहेब वाईट नव्हते, गोंधळले होते.

"जीआर आलाय, पण तुम्हाला पळवायचं कोणासोबत?"

"मुलींसोबत, सर. ओळखपत्रावर कलेक्टर साहेबांची सही आहे."

त्यांनी वर फोन लावला. बराच वेळ 'हो सर, हो सर' चाललं. मग म्हणाले, "सगळ्यांचं झाल्यावर पळा. एकट्या."

"एकटी पळाले तर तमाशा होईल, सर."

"मग नका पळू."

हे ते इतकं सहज बोलले की माझा राग डोक्यात गेला. मी बुटाची नाडी आवळली आणि उन्हात बसून राहिले.

माझी शिट्टी वाजली तेव्हा चाचणी संपलेली सगळी पोरं कडेला जमली होती. पहिल्याच वळणावर कुणीतरी टाळी वाजवली. आम्हाला चिडवायला वाजवतात तशी. हशा पिकला. तेवढ्यात कुंपणापलीकडून बाबांचा आवाज आला.

"काऊन हासून राहिले बे? माहा पोरगा आहे! पोरगी आहे! जे आहे ते माहं आहे!"

माझा श्वास चुकला, पाय नाही. दुसऱ्या फेरीत मी हसणाऱ्यांच्या डोळ्यांत बघत पळाले. बरेच जण खाली बघू लागले. काही हसतच राहिले. हसोत.

वेळेच्या आत पोचले. पुढे लेखी परीक्षेत मात्र गणितात मागे पडले.

चाचणीच्या दिवशी मैदानावरून निघताना साहेब म्हणाले होते, "पुढच्या भरतीपर्यंत नियम स्पष्ट होतील."

"नाही झाले तरी मी येणार आहे, सर," मी म्हणाले. "तेव्हा मुलींच्या रांगेतून मी हलणार नाही."

सध्या गणिताचा अभ्यास चालू आहे.