तीच सुई

हे सांगायचं मी कितीतरी वर्षं टाळत आलो.

सौंसरच्या एका दवाखान्यात मी फ्लूची लस घ्यायला बसलो होतो. शेजारी सासूबरोबर आलेली एक गरोदर बाई होती. नंबर यायचा होता, तरी तिनं पोलक्याची बाही आधीच वर सरकवून धरली होती.

"पोटुशी बाईनं फ्लूची सुई कशाले घ्यायची?" मी उगाच बोललो.

ती हसली. "बाबाजी, लेकराले सहा महिने ही सुई देता येत नाही म्हणते डॉक्टरीणबाई. तवरक या सुईनं माह्या अंगात आलेली ताकदच त्याले पुरते. म्हणून घेऊन राहिली मी."

"आमच्या वेळी नव्हतं हे. लेकरं झालीच ना?"

माझी पांढरी टोपी पाहून सासू उठलीच. "चाल वं, मोठं माणूस सांगून राहिलं."

दारातून सुनेनं वळून विचारलं, "मंग तुमी कशाले आले, बाबाजी?"

त्या दोघी सुई न घेताच गेल्या. माझा नंबर आला, तेव्हा तीच सुई मी मुकाट्यानं टोचून घेतली.

पुढे जामसांवलीच्या देवळात, मोहगावच्या बसमध्ये, कडेवर लेकरू असलेल्या बायांचे चेहरे मी पाहत राहिलो. ती दिसली असती तर म्हणणार होतो, "माय, तुयं खरं होतं. मले माफ कर."