मनगट धरून चालणारी राहतखाला

राहतखाला माणसाचा आधी वास घ्यायची, मग सलाम. रविवारी सकाळी मकई दरवाज्यापाशी आम्ही जमलो की ती रांगेत एकेकाचं मनगट उचलून नाकाशी न्यायची, मग मान, मग खिशातला रुमाल. सगळी नोकरी उर्दू शाळेत शिकवण्यात गेल्यामुळं तिचा आवाज नाकातून निघून थेट आपल्या कपाळावर टिचकी मारायचा. "पावडर लगाए क्या?" कुणी म्हणालं, थोडीशीच, तर म्हणायची, "मख्खी कू थोडी-बहोत नै समझता बाबा. जाओ, धो के आओ."

बँकेतून निवृत्त झालेले नानासाहेब एकदा केसांना मोगऱ्याचं तेल लावून आले. नानासाहेब प्रत्येक वाक्य 'वस्तुतः'नं उघडत आणि 'असो'नं बंद करत. वस्तुतः हे तेल अगदी सौम्य आहे, असं त्यांनी समजावून पाहिलं. खालानं त्यांना नळाखाली वाकवलं आणि कपड्याच्या साबणानं डोकं धुवायला लावलं. द्वारकाबाई लासूर स्टेशनच्या, भुसार मालाच्या व्यापाऱ्याच्या घरातल्या, तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "घ्या, नानासाहेब, फुकटात न्हाणं झालं." नानासाहेब म्हणाले, असो.

वासाच्या या तपासणीतून एकच माणूस सुटायचा, मजीदमामू. खालाचा धाकटा भाऊ. शहागंजात शिलाई मशीन दुरुस्त करायचा, मिशा काळ्या करायचा, आणि हसला की आधी खांदे हसायचे. त्याचं मनगट ती हुंगायची नाही, धरायची. दरवाज्यापासून धरलं की परत येईपर्यंत सोडायची नाही. पन्नाशीला आलेला माणूस बहिणीच्या हाताला शाळकरी पोरासारखा लटकून चाललाय, हे बघून बेगमपुऱ्यातली पोरं शिट्ट्या मारायची. तो म्हणायचा, "आपा, भागके जारूं क्या मैं?" ती मुठीची पकड तेवढी आवळायची.

ही सवय जुनी होती. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या दिवसांत मोहल्ल्यातली बायकापोरं डोंगराकडं गेली तेव्हा मजीदमामू नुकता चालायला लागला होता. आईच्या दोन्ही हातांत बोचकी होती. तिनं त्याचं मनगट राहतच्या हातात दिलं आणि सांगितलं, सोडू नको. हे खाला कधी रंगवून सांगायची नाही. लेण्यांकडं जाणारी पायवाट दाखवताना एवढंच म्हणायची, इथून गेलो होतो आम्ही, आणि पुढच्या नहरीच्या बंब्याकडं, पाण्याच्या जुन्या मनोऱ्याकडं वळायची. डोंगरातलं पाणी खापरी नळांतून शहरात कसं आणलं, मोटार नाही, पंप नाही, ते सांगताना मात्र तिचा आवाज असा चढायचा की वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत पोचावा.

नानासाहेबांना वाटायचं, खाला इतिहासासाठी माणसं जमवते. आम्हा सगळ्यांनाच तसं वाटायचं. खरी गोष्ट द्वारकाबाईंनी एकदा तिच्या तोंडून काढून घेतली. हर्सूलच्या तळ्याकडं मजीदमामूला मधमाश्या चावल्या होत्या, मोजक्याच. पण ओठ निळे झाले, गळा आतून सुजला, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. डॉक्टरांनी वाचवलं आणि बहिणीला बाजूला घेऊन सांगितलं, पुन्हा असं झालं तर दवाखान्यापर्यंत पोचेलच असं नाही. मजीदमामूनं ते ऐकलं आणि पुढच्याच सुट्टीला एकटा डोंगरावर गेला. घरी बसून घाबरत मरायचं तर वर जाऊन मरतो, म्हणाला. त्याला कोंडून ठेवणं शक्य नव्हतं. म्हणून खालानं शेजारीपाजारी बोलावले, ओळखीतले बोलावले, दर रविवारी जुन्या जागा दाखवते म्हणाली.

"चार माणसं लागतात व्हय," द्वारकाबाईंनी आम्हाला सांगितलं, "त्याला खाली उचलून आणायला. म्हणून नेती ती आपल्याला."

त्यानंतर आम्ही चढताना एकमेकांचे खांदे बघायला लागलो. नानासाहेबांनी पाठदुखीचं कारण सांगून दोन रविवार दांडी मारली, मग आले. वस्तुतः पाठ बरी आहे, म्हणाले.

त्या रविवारी ऊन लवकर तापलं होतं. मकबऱ्याच्या मागं लेण्यांकडं जायचं ठरलं होतं. बेगमपुऱ्यातून जाताना गल्लीत मांडव लागला. युसूफभाईंच्या मुलीचा निकाह. खालाच्या हाताखाली शिकलेली मुलगी, त्यामुळं तोंड चुकवून जाणं शक्य नव्हतं. युसूफभाई दारातच अत्तरदाणी घेऊन उभे होते. आलेल्या माणसाच्या हातावर अत्तर चोळायचं आणि कापसाचा फाया कानात खोचायचा, ही आपल्याकडची रीत. नको म्हणायची सोय नाही. लग्नघरच्या माणसाचं अत्तर परत करणं म्हणजे त्याच्या मुलीला बरं न चिंतणं.

खाला आतल्या बायकांत ओढली गेली. तेवढाच वेळ तिनं मनगट सोडलं. बाहेर येऊन बघते तर मजीदमामूच्या कानात फाया. तो खांद्यांनी हसत होता.

मांडव नजरेआड होईपर्यंत ती भरभर चालली. मग रस्त्यावरच्या नळापाशी सगळ्यांना उभं केलं. फाये गटारात गेले. हात मातीनं घासा, परत घासा. मजीदमामूचा कान तिनं स्वतः घासला, आत-बाहेर, एवढा की तो लाल झाला. मामू कुरकुरला, की आज नवरीपेक्षा मलाच जास्त उटणं लागलं. घासून झाल्यावर तिनं तिच्या ओढणीच्या पदरानं त्याचा कान, मान, गळा नीट कोरडा केला. आई करते तसा. आम्ही सगळे बघत होतो.

मकबऱ्याच्या मागून वाट वर चढते. खाली घुमट लहान होत जातो, शहर धुळीत बुडतं. नेहमी या चढावर खाला बोलायची. त्या दिवशी नुसतं नाक चोळत होती. म्हणाली, डोकं भरलंय, नाकात अजून मांडवच आहे. नानासाहेबांनी संधी साधून लेण्यांचा काळ सांगायला घेतला. द्वारकाबाई म्हणाल्या, ते राहू द्या, आधी श्वास घ्या.

वर पायऱ्यांपाशी कडूबा बसला होता. लेण्यांवर राखणीला असायचा, हर्सूलकडचा. सकाळच्या गारव्याची घोंगडी दुपारपर्यंत खांद्यावर. कडूबाच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे खोल विहिरीतून बादली ओढायची. त्यानं आम्हाला हातानंच थांबवलं.

"आज आत नका जाऊ," तो म्हणाला. "आग्यामव्हळ हाय वर. लई चिडकं झालंय, दोन दिवसांपून."

कपारीखाली काळं, जाडजूड काहीतरी लोंबत होतं. टांगलेलं कातडं वाटावं. त्यावरून मधूनच एक लहर सरकायची, वरून खाली, आणि पुन्हा सगळं स्थिर. आवाज मात्र चालू होता. तो कानानं ऐकू यायच्या आधी दातांत जाणवायचा. खाला लगेच वळली. चला, खाली.

आम्ही चारदोन पायऱ्या उतरलो असू. पहिली माशी आली ती मजीदमामूच्या कानाशी. घिरटी घातली आणि गेली. मग दुसरी आली, तीही त्याच कानाशी. मामूच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण खांदे थांबले. तिसरी खालाच्या ओढणीवर बसली. उडवली तरी तिथंच परत बसली. पदराच्या त्याच कोपऱ्यावर.

खालानं तो कोपरा नाकाशी नेला. शहरभराचे वास हुंगणारी ती बाई तो कोपरा कितीतरी वेळ हुंगत राहिली. मांडवात आत, बायकांच्या घोळक्यात, अमिनाभाभीनं, नवरीच्या आईनं, अत्तर हातावर नव्हे तर तिच्या ओढणीच्या पदराला लावलं होतं. बायकांना तसंच लावतात. आणि त्याच पदरानं तिनं भावाचा कान आणि गळा पुसला होता.

मागं कपारीतला आवाज बदलला. आधी तो एका जागी होता. आता तो जागा सोडून निघाला होता.

तिनं मजीदमामूचं मनगट सोडलं.

"कडूबा, घोंगडी," ती म्हणाली. आवाज वर्गातला नव्हता, अगदी खालचा होता. "इसके ऊपर डालो. बैठो उसके ऊपर."

कडूबानं घोंगडी मामूच्या डोक्यावरून टाकली, त्याला पायरीच्या बुडाशी दाबलं आणि स्वतः वरून आडवा पडला. द्वारकाबाईंनी लुगड्याचा पदर डोक्यावरून ओढून मला आत घेतलं. नानासाहेब शेजारी पालथे झाले, दोन्ही हात मानेवर. ना वस्तुतः, ना असो.

पदराच्या सुतातून मला खाला दिसत होती. तिनं ओढणी अंगावरून काढली, दोन्ही हातांनी पसरली आणि चालायला लागली. पायवाट सोडून, उताराला, बोराटीच्या झुडपांतून ओढ्याकडं. पळाली नाही. पळायचं नाही, हे तिनंच सगळ्यांना शिकवलं होतं. वरून तो आवाज आमच्या अंगावरून गेला, ऊन क्षणभर काळवंडलं, आणि तिच्या मागं उताराला लागला. घोंगडीखालून मजीदमामू ओरडत होता, आपा, आपा. कडूबा त्याला सोडत नव्हता. खाली ओढणी आधी पांढरी दिसत होती. मग ती पांढरी राहिली नाही.

आवाज विरल्यावर कडूबा, नानासाहेब आणि मी खाली गेलो. तिला उचलून आणायला चार माणसं लागली, चौथा मजीदमामू. त्याला एकही माशी चावली नव्हती. कान तेवढा मातीनं लाल होता.

दवाखान्यात तिचे डोळे सुजून मिटले होते. ओठ हलत होते पण तिचा तो नाकातला सूर नव्हता. मला त्या आवाजाची नक्कल करता येत नाही, प्रयत्न करून बघितलाय. द्वारकाबाई उशाशी बसून चिमट्यानं केसांतले माश्यांचे काटे काढत होत्या. मजीदमामूनं तिचा हात हातात घेतला. सुजेनं तो कुणाचाच हात वाटत नव्हता. तो म्हणाला, मी आहे आपा, मला काही झालं नाही.

तेवढ्यात केसांत काहीतरी गुणगुणलं. बारीक. एक माशी जिवंत होती, वेणीच्या पेडात अडकलेली.

खालाला दिसत नव्हतं, पण मान आवाजाकडं वळली. तिनं हात ओढून घेतला.

"बाहर जा," ती म्हणाली. "मजीद. अभी के अभी."

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं वाद घातला नाही. द्वारकाबाईंनी चप्पल काढून ती माशी उशीवरच चेचली आणि मेली असं सांगितलं. खालाचा विश्वास बसला नाही. परत बघ म्हणाली, मानेखाली बघ, कुडत्याच्या शिवणीत बघ. पेड सोडले, शिवणी उसवल्या, काही निघालं नाही. तरी संध्याकाळपर्यंत तिनं त्याला आत येऊ दिलं नाही. तो व्हरांड्याच्या पार टोकाला उभा होता, डाव्या हातानं स्वतःचंच उजवं मनगट धरून. आतून ती थोड्या थोड्या वेळानं विचारत होती, तो अजून लांबच आहे ना. आम्ही हो म्हणत होतो. मग ती कान देऊन ऐकत राहायची.