बालाजीच्या नावावरची पहाट

भादव्यातली सकाळ. आभाळ भरून आलेलं, पण पडायचं नाव नाही. वारा पार मेलेला, त्यामुळं भट्टीचा धूर छपराबाहेर निघायला तयार नव्हता. रामकिसननं ओलसर बाभळीचं लाकूड आत सारलं, बाहीनं डोळे पुसले आणि कढईतलं दूध ढवळायला घेतलं. भूमजवळच्या त्या गावात खव्याच्या भट्ट्या पुष्कळ. पण पाहुणे यायचे ते याच भट्टीवर. गेली सहा वर्षं येत होते. भट्टी बघायला, रामकिसनला नाही.

त्याचा धाकटा भाऊ बालाजी पुण्यात इंजिनिअर होता. सात वर्षांमागं काविळीनं गेला. त्याच्या बायकोनं, वृषालीनं, त्याच्या नावानं शिष्यवृत्ती काढली. इंजिनिअरिंगला लागलेलं इकडचं एक पोर दर साली निवडायचं. निम्मा पैसा तिच्या पगारातला, निम्मा या भट्टीतला. पैशाचं रामकिसनला काही वाटलं नाही. वाटलं ते शिष्यवृत्तीच्या छापील पत्रिकेचं. तिच्यावर बालाजीच्या फोटोखाली छापलेलं असे : ‘पहाटे चारला उठून एका हातानं खवा ढवळत, दुसऱ्या हातात पुस्तक धरून ते शिकले.’

पहाटे चारला उठायचा रामकिसन. नववीतनं शाळा सुटली ती या कढईपायी. बालाजीनं तर उलथनंसुद्धा कधी हातात धरलं नव्हतं. भाऊ हुशार निघाला, त्याला नोकरी मिळाली, बंगला मिळाला, मेल्यावर हार मिळाले. ते सगळं सोसलं. पण ह्या मनगटातली कळसुद्धा त्याच्याच नावावर? मेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. रामकिसन करायचा.

आणि हे सांगितलं कुणी, तर आईनं. पहिल्या साली वृषालीनं विचारलं, “आई, यांच्या लहानपणीचं काही सांगा ना,” तर धुरपदाबाईनं थोरल्याचं उचललं आणि धाकट्याला लावलं. दुःखाच्या घरात रामकिसन काय बोलणार? एकदा गप बसला, मग गपच बसावं लागलं.

नवाच्या सुमाराला गाडी आली. वृषाली उतरली, मागनं यंदा निवडलेली पोरगी, शेजारच्या वाशी तालुक्यातली शिवांजली. धुरपदाबाई पदर सारखा करून बाजेवर बसली.

“हीच ती भट्टी,” वृषाली पोरीला म्हणाली. “सर इथंच उभे राहून अभ्यास करायचे.”

पोरीनं पायातलं काढलं, रामकिसनला विचारून उलथनं घेतलं आणि ढवळायला लागली. हात सरावाचा होता.

“कुणाची गं तू?” रामकिसननं विचारलं.

“आमची बी भट्टी हाय, काका. बारकी हाय, पण हाय.”

दूध आटत आलं, कडेला धरायला लागलं, तशी ती दोन्ही हातांनी बूड खरवडू लागली. कढईवरची नजर न काढता म्हणाली, “काका, एक इचारू? आता ह्या टायमाला नजर हालली तरी बुडाला लागतंय. माझा बाप कढईपुढं मला शिकू देत न्हाय, अन् शिंकू बी देत न्हाय. मग सर एका हातात पुस्तक कसं काय धरायचे?”

वृषाली हसली. “सांगा ना दादा, कसं जमायचं त्यांना?”

आई बाजेवरनं रामकिसनकडं बघत होती. बोलू नको, एवढंच त्या डोळ्यांत होतं.

“न्हाय जमत,” रामकिसन म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. “कुणालाच जमत न्हाय. बालाजीला धूर सोसायचा न्हाय. त्यो भाईर वट्ट्यावर बसून वाचायचा. ढवळायचो म्या. पस्तीस वर्सं झाली, म्याच ढवळतोय.”

पोरीचा हात थांबला.

“हालव गं, लागतंय!” त्यानंच उलथनं ओढून घेतलं.

वृषालीचं तोंड उतरलं. “मला कधी कुणी सांगितलंच नाही, दादा. पुढच्या पत्रिकेत दुरुस्त करते.”

निघताना शिवांजली वाकून रामकिसनच्या पाया पडली. त्याला बरं वाटलं. मग ती भिंतीवरच्या बालाजीच्या फोटोच्या बी पाया पडली. फोटोपुढं जरा जास्तच वेळ वाकली, असं त्याला वाटलं.

गाडी गेली तशी म्हातारी बोलली, “झालं समाधान?”

“माझंच व्हतं ते, आये. माझं म्या घेतलं.”

“तुझंच व्हतं. कोण न्हाय म्हणतंय? त्यो धा वर्सं पुस्तकात तोंड घालून बसला, अन् धावी झाली की शिकाय भाईर गेला. त्याचं सांगाय माझ्यापाशी काय ऱ्हायलं? तू रोज डोळ्यापुढं. तुझी कापडं आखूड झाली की त्याला घालायची म्या. तशी तुझी एक पहाट घातली. तुला कमी पडली व्हय रं?”

रामकिसननं भट्टीतलं लाकूड मागं ओढलं. त्याचं स्वतःचं म्हणून आईनं कुणापुढं कधी काही सांगितल्याचं त्याला आठवत नव्हतं.

“माझ्या मागं माझं काय सांगशील?” त्यानं विचारलं.

“गप. तुझ्या आधी म्या जाणार हाय.”

ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि फोटोवरचा वाकडा झालेला हार सरळ करायला गेली. तिला त्या हारापाशी लई वेळ लागला. रामकिसन बघत राहिला, आणि त्याला पुन्हा भावाचा हेवा वाटला.

गल्लीत दूधवाल्याची फटफटी वाजली. रामकिसननं गाळायचं फडकं झटकलं आणि दुधाचे कॅन उतरवून घ्यायला बाहेर गेला.