मुलुंडच्या लॅबमधले ससे आणि आम्ही

आमच्या कामाचे किस्से बाहेर सांगायची सोय नाही. लग्नात कुणी विचारलं, "तू काय करतेस गं?" आणि मी खरं सांगितलं, तर समोरच्याच्या हातातला गुलाबजाम तसाच राहतो! त्यामुळे हे किस्से आमच्यातच साठत जातात. आज तुम्ही बसलाच आहात, तर ऐका.

मी जनावरांची डॉक्टर. मुलुंडला औषधांची एक लॅब आहे, तिथल्या ॲनिमल हाऊसमध्ये नोकरी. नवं औषध माणसाला देण्याआधी उंदीर, ससे यांच्यावर तपासतात. त्या प्राण्यांना नीट ठेवणं, त्यांना कमीत कमी त्रास होईल असं बघणं, हे माझं काम.

*

बोरीवलीला आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये उंदीर झाले. सेक्रेटरी काका रविवारी सकाळीच दारात.

"डॉक्टर, तुम्ही उंदरांच्या स्पेशालिस्ट ना? एखादं जालीम औषध सांगा. एका रात्रीत साफ झाले पाहिजेत!"

म्हटलं, "काका, मला पगार मिळतो तो उंदरांची तब्येत सांभाळायचा!"

काका आवाज खाली आणून म्हणाले, "मग हे वरच्या मजल्यावर कुणाला सांगू नका. ते म्हणतील, तुम्हीच आणलेत."

*

आमचे सावंत मूळचे मालवणकडचे. पिंजरे साफ करणं, खाणंपाणी, सगळं त्यांच्याकडे. ते सशांशी मालवणीत बोलतात. एकदा एक ससीण खाईना. मी तपासलं, सगळं नॉर्मल. सावंत पिंजऱ्यापाशी बसले.

"खा गो बाय. उपाशी रवान कसा चालात?"

नेमके तेव्हाच दिल्लीहून लॅब तपासायला आलेले सरकारी इन्स्पेक्टर दारात उभे. "ये क्या बोल रहे हैं? एसओपी में है?"

आमच्या डायरेक्टरांचा चेहरा पांढरा. वाट लागली! तेवढ्यात ससीण उठली आणि खायला लागली. इन्स्पेक्टर हसले. "अच्छा है. लिख डालिए."

तेव्हापासून आमच्या एसओपीत, म्हणजे कामाच्या लेखी नियमांत, एक ओळ आहे, 'प्राण्याशी हळू आवाजात बोलावे.' मागच्या वर्षी कानपूरहून आलेली ट्रेनी ती ओळ वाचून आणि सावंतांना सशांशी बोलताना ऐकून घाबरत माझ्याकडे आली.

"मॅम, मालवणी कंपल्सरी है क्या?"

*

प्राण्यांवरच्या प्रत्येक प्रयोगाला आधी एथिक्स कमिटीची परवानगी लागते. त्या कमिटीत बाहेरचा एक माणूस हवाच, असा नियम आहे. आमच्याकडे मेहताबेन येतात. घाटकोपरच्या, जैन, घरात कांदाबटाटासुद्धा नाही. सगळ्यांना वाटलं होतं, आता एकही कागद पास होत नाही!

एकदा मार्केटिंगचा एक स्मार्ट मुलगा गोरं करणारं क्रीम घेऊन आला. कॉस्मेटिकची टेस्ट प्राण्यांवर करायला आपल्याकडे बंदी आहे. पण हा म्हणतो, "आपण याला औषध म्हणून दाखवू. मग सशांवर करता येईल ना?"

मेहताबेननी चष्मा काढला. "भाई, औषध कशासाठी असते?"

"आजारासाठी, मॅडम."

"मी सावळी आहे. जन्मापासून. मला कोणता आजार झालाय, सांग."

क्रीम परत गेलं.

नंतर चहा घेताना मी विचारलं, "बेन, मग बाकीच्या औषधांवर सही कशी करता?"

त्या म्हणाल्या, "रोज सकाळी मिस्टरांना इन्सुलिन टोचते. ते आधी कुत्र्यांवर करून बघितलेलं, मला माहितीये. सही नाही करणार तर कोणत्या तोंडाने टोचू? पण दहा प्रश्न विचारल्याशिवाय सही नाही हां!"

*

निखिल आमचा सायंटिस्ट. हुशार, पण कोरडा. सशांना नंबरानेच ओळखायचा. त्याच्या बायकोची डिलिव्हरी सातव्या महिन्यातच झाली, अंधेरीच्या हॉस्पिटलमध्ये. मुलीची फुप्फुसं उघडेनात. डॉक्टर नळीतून औषध सोडणार, तेवढ्यात याने त्यांना अडवलं.

"हे सेफ आहे ना? कशावर टेस्ट झालंय?"

डॉक्टर नळी तपासता तपासता म्हणाले, "सशांच्या अपुऱ्या दिवसांच्या पिल्लांवर. त्यांच्यावर झालंय, म्हणून तुमच्या मुलीवर टेस्ट करत नाहीये. तिला फक्त देतोय."

निखिल बाजूला झाला. काचेपलीकडे त्याची निळी मुलगी हळूहळू गुलाबी झाली.

कामावर परत आला तेव्हा तो आधी सशांच्या खोलीत गेला. बराच वेळ बाहेर आला नाही. आम्ही कुणी हाक मारली नाही.

मुलगी आता बालवाडीत आहे. गॅदरिंगला आम्ही गेलो होतो. माईकशिवाय असं गाणं म्हटलं तिने की पुढच्या रांगेतल्या आज्ज्यांनी कानावर हात ठेवले! निखिल ओरडला, "फुप्फुसं झकास आहेत, काय?" आणि रडायला लागला.

*

गेल्या वर्षी पर्युषणाचे उपास संपले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मेहताबेन पारणं करून थेट लॅबवर आल्या. "मला आत जायचंय," एवढंच म्हणाल्या.

सशांच्या त्या बॅचचा स्टडी दुसऱ्या दिवशी संपणार होता. स्टडी संपला की शेवटची सुई मीच देते. ते आमच्यात कुणी मोठ्याने बोलत नाही.

गाऊन, टोपी, मास्क घालून त्या आत आल्या. मागे मी आणि सावंत. प्रत्येक पिंजऱ्यापुढे त्या थांबल्या, हात जोडले, वाकून म्हणाल्या, "मिच्छामि दुक्कडम्." एकही पिंजरा सोडला नाही. मग डोळे पुसत निघून गेल्या.

सावंतांनी मला विचारलं, "बेन काय म्हणाल्यो?"

"माफी मागितली, सावंत. वर्षभरात कळत नकळत दुखावलं असेल त्याबद्दल."

सावंतांनी पिंजऱ्यांच्या रांगेकडे पाहिलं.

"माफी तेंनी मागल्यानी," ते म्हणाले. "आणि आभार कोणी मानूचे?"

असं म्हणून ते पुन्हा पहिल्या पिंजऱ्यापाशी गेले.