रेंजवाल्यांचा दीड महिना

त्यांचं खरं नाव बहुतेक गिऱ्हाइकांना ठाऊक नाही. फोनमध्ये ते ‘रेंजवाले’ म्हणून साठवलेले असतात. वय पंचावन्न, खांद्याला काळी पिशवी, पिशवीत एक जुना फोन, वायरचं भेंडोळं आणि गुडघ्यांखाली घ्यायला रबराची चटई, कारण निम्मं काम जमिनीवर चालतं. घरात आपोआप फिरून झाडणारे ते बशीसारखे गोल रोबो वायफायला जोडून देणं हा त्यांचा धंदा. आधी वीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले. लोकांनी टीव्ही दुरुस्त करायचं सोडलं, तेव्हा इकडे वळले. बायको म्हणते, “पूर्वी चित्र दिसत नाही म्हणून बोलवायचे, आता कचरा दिसतो म्हणून बोलावतात.”

या रोबोंचं दुखणं बहुधा एकच. राउटर दोन लहरींवर चालतो. एक संथ पण लांबवर पोचणारी, दुसरी वेगवान पण भिंतीला अडणारी. रोबोला फक्त संथ लहर कळते. नव्या राउटरमध्ये दोन्हींचं नाव एकच असतं, त्यामुळे तो गोंधळतो. इलाज सोपा आहे, दोघींना वेगळी नावं द्यायची. शहाण्यानं जुनं नाव संथ लहरीला ठेवावं, म्हणजे घरातली साधी यंत्रं आहेत तशी चालत राहतात. मात्र मग प्रत्येक फोन, टीव्ही, लॅपटॉप नव्या नावाला जोडत बसावं लागतं. अर्धा तास मोडतो. उलटं केलं, म्हणजे जुनं नाव वेगवान लहरीला ठेवलं, तर फोनना पत्ताही लागत नाही. रोबो तेवढा नव्या नावाला जोडला की सुटका.

गेल्या वर्षी चौथ्या मजल्यावरच्या एका घरात रेंजवाल्यांनी उलटं केलं. पुढच्या गिऱ्हाइकाचे तीन फोन येऊन गेले होते.

घरात माणसं दोन. मुलगी प्रयोगशाळेत नोकरीला, सकाळी आठला बाहेर पडणारी. वडील एकोणऐंशीचे. बसच्या डेपोत कोणती गाडी किती वाजता सुटली याची नोंद ठेवण्यात त्यांची हयात गेली होती. रोबोला ते कासव म्हणत.

“हट्टी आहे कासव,” ते खुर्चीतून म्हणाले. “आमच्याकडे असा एक ड्रायव्हर होता. गाडी फक्कड चालवायचा, पण हाक मारली की बहिरा.”

“ऐकेल आता, काका.”

कासव निघालं. वडिलांनी घड्याळ पाहिलं. “दहा बावन्नला आलात, अकरा पाचला मोकळे. तेरा मिनिटं. याला म्हणतात काम.”

त्यांच्या खोलीत, औषधांच्या बाटल्यांमागे, एक पांढरी पेटी होती. मनगटावरचं बटण दाबलं की ती मुलीला आणि मदत केंद्राला कळवणार. तिलाही फक्त संथ लहर कळायची, आणि नेटवर्कचं जुनंच नाव ठाऊक होतं. रेंजवाल्यांनी त्या खोलीत डोकावलं नाही. पेटीचा हिरवा दिवा नारंगी झाला तो बाटल्यांमागे.

हे त्यांना कळलं चार महिन्यांनी. घर आठवडाभर बंद होतं, कासव पलंगाखाली बॅटरी संपून पडलं आणि ॲपमध्ये दिसेना, म्हणून पुन्हा बोलावणं आलं. या खेपेला वडील पलंगावर होते, शेजारी वॉकर.

“मागे बाथरूमच्या दारात पडले,” मुलगी म्हणाली. “खुबा मोडला. मी संध्याकाळी येईपर्यंत सात तास तिथंच. मनगटाला बटण होतं, पण दाबायचं सुचलं नाही.”

“दाबलं होतं,” पलंगावरून आवाज आला. “अकरा वाजून दहा मिनिटांनी. तीनदा.”

“बाबा, केंद्राला विचारलं मी. त्या दिवशी तुमच्याकडून काही आलंच नाही म्हणाले.” मग रेंजवाल्यांकडे वळून, आवाज खाली करून, “डॉक्टर म्हणतात, या वयात असं होतं. न केलेलं केल्यासारखं वाटतं. आता गॅसजवळ जाऊ देत नाही. घराची किल्लीही माझ्याकडे असते.”

“मी हिशोबाचा माणूस आहे,” वडील छताला म्हणाले. “तीनदा.”

रेंजवाले कासव काढायला पलंगाखाली वाकले, आणि उठताना बाटल्यांमागचा नारंगी ठिपका त्यांना दिसला. पाहताक्षणी सगळं कळलं. पेटी चालू होती का, हे मुलीनं केंद्राला विचारलं नव्हतं, आणि केंद्रानं आपण होऊन सांगितलं नव्हतं. पेटी गप्प झाल्याचा ईमेल गेला असणार, कुणी न उघडणाऱ्या एखाद्या जुन्या पत्त्यावर.

“ही पेटीही बघतो जरा,” ते म्हणाले. चार मिनिटांत दिवा हिरवा झाला. कासव जोडलं. “झालं, ताई.” जिना उतरताना पिशवी दोनदा खांद्यावरून घसरली.

रात्री जेवताना त्यांनी बायकोला सांगितलं.

“मग बोलला नाहीत तिथं?”

“सांगून काय हाड जुळणार आहे त्यांचं?”

“हाडाचं कोण बोलतंय? धडधाकट डोक्याच्या माणसाला वेड्यात काढलंय त्या घरानं, आणि खरं काय ते फक्त तुम्हाला ठाऊक.”

“जातो. हा आठवडा जरा गर्दीचा आहे.”

पुढचाही गर्दीचा निघाला. ज्या कंपनीमार्फत त्यांना कामं येत, ती एका तक्रारीवर नाव काढून टाकते. शिवाय पेटी आता चालू होती, पुढचा धोका टळला होता, असं ते स्वतःला समजावत. दोनदा त्या गल्लीपर्यंत जाऊन परतले. बायकोनं विचारायचं सोडलं, ते त्यांना विचारण्यापेक्षा जड गेलं. असा दीड महिना गेला.

मग एका रविवारी सकाळी ते पिशवी न घेता गेले. मुलीला दारातच सगळं सांगितलं, लहरी, नावं, वाचवलेला अर्धा तास. ती ओरडली नाही. चौकटीला धरून उभी राहिली.

“तेव्हाच कळलं होतं तुम्हाला? पेटीला हात लावलात तेव्हा?”

“हो.”

“दीड महिना,” ती म्हणाली. “रोज भांडायचे माझ्याशी त्या तीनदावरून. तीन आठवडे झाले, भांडायचे थांबलेत. मला वाटलं, सुटले एकदाचे. जा आत. तुम्हीच सांगा.”

वडील खिडकीपाशी बसले होते. रेंजवाल्यांनी समोर स्टूल ओढलं.

“काका, त्या दिवशी तुम्ही बटण दाबलं होतं. पेटीच बंद होती. चूक माझी होती.”

वडिलांनी त्यांच्याकडे मायेनं पाहिलं. “हिनं सांगितलं का असं बोलायला?”

“नाही हो. अकरा वाजून दहा मिनिटांनी, तीनदा. तुम्हीच म्हणाला होतात.”

“म्हणालो असेन. माझं हल्ली काही खरं नाही.” त्यांनी रेंजवाल्यांच्या हातावर हात ठेवला. “मनाला लावून घेऊ नका. या वयात होतं असं.”

रेंजवाल्यांनी खिशातून फोन काढला, राउटरमधली नाव बदलल्याची तारीख आणि वेळ दाखवली. वडिलांनी चष्मा न लावताच पडद्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि फोन परत दिला. मग दाराकडे मान वळवली.

“मी दाबलं होतं का गं?”

“हो, बाबा,” मुलगी म्हणाली. “दाबलं होतं. तीनदा.”

“बरं,” ते म्हणाले. “तू म्हणतेस तर दाबलं असेल.”