सुपारीएवढं बोंड

सासरी आले त्या दिवशी मी मान वर केली नव्हती. मंडप केवढा होता, कोण कोण आलं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. देवकाच्या पाया पडायला बसवलं तेव्हा खाली बघता बघता जे दिसलं, तेवढं मात्र पक्कं लक्षात राहिलं. विड्याची पानं, सुपाऱ्या आणि त्यांच्यावर टेकवलेली एक फांदी. तिला समोरासमोर दोन दोन पानं होती आणि शेंड्याला एक काळपट, वाळलेलं, गोल बोंड होतं.

देवक म्हणजे घराण्याचं झाड. आमचं कळंब. लग्नाच्या आदल्या दिवशी त्याची फांदी मारुतीच्या देवळातून वाजतगाजत घरी आणतात, मांडतात आणि मग पुढचं सगळं तिच्यासमोर होतं.

लेकीचं लग्न होऊन आठ दिवस झाले. पाहुणे गेले, मांडवाचं सामान गेलं, पण माझा आनंद काही खाली बसेना. म्हणून तिच्या उरलेल्या वहीत लिहितेय.

मला झाडांचा नाद आहे. शेळ्यांना पाला आणायला डोंगराकडं जाते, तेव्हा लेकीनं दिलेल्या जुन्या मोबाईलवर फोटो काढते. तिनंच शिकवलं, "आई, नुसत्या एका पानाचा फोटो काढू नको. फांदीवर पानं कशी लागलीत ते दिसू दे. पानाची पाठ काढ, फळ काढ, साल काढ. आणि शेजारी काहीतरी ठेव, म्हणजे केवढं आहे ते कळेल." मी अंगठा ठेवते. निम्म्या फोटोंत माझा अंगठा आहे. ज्या झाडाचं नाव कळलं, त्याचं पान जुन्या कॅलेंडरात दाबून ठेवते.

लग्न पाच दिवसांवर आलं तेव्हा थोरले भावजी ओट्यावर बसून कामं वाटत होते. "कळंब मी आनतो," ते म्हणाले. "शिर्डीच्या रोडला हॉटेलापुढं लई मोठं झाड हाय. मागच्या दोन्ही लग्नांत तिथलाच आनला."

मला एकदम कॅलेंडर आठवलं. पुतण्याच्या लग्नातलं देवकाचं एक पान मी त्यात ठेवलं होतं. तेव्हाच ते मोठं वाटलं होतं, पण बोलले नव्हते. आत जाऊन ते काढलं. मग आमच्या लग्नाचा अल्बम काढला. त्यात देवकाचा एक फोटो आहे. माझं फक्त कपाळ आलंय, पण फांदी स्वच्छ आलीय. फोटोतलं झाडाचं पान शेजारच्या विड्याच्या पानाएवढंच होतं आणि बोंड शेजारच्या सुपारीएवढं. कॅलेंडरातलं हॉटेलाच्या झाडाचं पान मात्र जेवायच्या ताटात मावेना. त्याची फळंही मी येता-जाता पाहिली होती, चांगली लिंबाएवढी.

दोन लग्नं भलत्याच झाडापुढं लागली होती.

थोरल्या दिरांशी मी सरळ बोलत नाही. सांगायचं ते अक्कांना, म्हणजे थोरल्या जाऊबाईंना सांगायचं, फक्त भावजींना ऐकू जाईल अशा बेतानं. उंबऱ्याच्या आत उभी राहून पदर सारखा केला आणि म्हणाले, "अक्का, तो आपला कळंब नाही."

ओट्यावरच्या सगळ्यांनी माना वळवल्या.

"काय म्हनती ती?" भावजींनी विचारलं.

"म्हनती, तुमचा कळंब कळंब न्हाई," अक्का म्हणाल्या.

"मग काय दोडका हाय का?" सगळे हसले. "अगं, हॉटेलवाल्यानं पाटी लावलीय त्याला, कदंब म्हनून. कदंब म्हंजीच कळंब, चौथीच्या पुस्तकात न्हवतं का ते?"

एरवी मी तिथूनच चुलीकडं गेले असते. पण हातात अल्बम होता. तो मी अक्कांच्या हातात दिला, अक्कांनी भावजींच्या. त्यांनी तो लांब धरून, जवळ धरून पाहिला. "बारकं दिसतंय खरं," ते म्हणाले. "पन आता असलं झाड हाय कुठं? तिला म्हनावं, देवक मांडायच्या आदल्या सांजपातूर तुझा कळंब आन. न्हाई मिळाला, तर हॉटेलाचा."

म्हणजे तीन दिवस. नाही सापडला तर माझ्या लेकीच्या लग्नात हॉटेलाच्या बागेतलं झाड देवक म्हणून बसणार, आणि ते चुकीचं आहे हे माहीत असून मी त्याच्यापुढं हात जोडणार. ते मला नको होतं.

पहिले दोन दिवस बांध आणि माळ पालथा घातला. हिवर, मोई, धावडा, सगळं भेटलं, कळंब नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे अक्का स्वतःच चपला घालून उभ्या. "चल धाकटे. घरात बसून पापड मोजन्यापरीस बरं."

डोंगराच्या पहिल्या टप्प्यावर मला गोल बोंडं दिसली. वाळलेली, काळपट, सुपारीपेक्षा जरा बारीक. मी ओरडले, "अक्का! सापडलं!" अक्कांनी माझा एवढा मोठा आवाज कधी ऐकला नव्हता. त्या दचकून खाली बसल्या. त्यांना वाटलं, साप निघाला.

वरच्या अंगाला एक मावशी शेळ्या चारत होती. ती हसत खाली आली. "ह्या झाडासाठी एवढी बोंब? यो हेदू हाय बायांनो."

"पण बोंडं तर गोल आहेत," मी म्हणाले.

"गोल तर लाडू बी असतोय. पान बघ की."

मी फांदी खाली वाकवून पाहिली. पान पिंपळासारखं, देठापाशी खोल खाच, पाठीवर बारीक लव. अल्बमातल्या पानाला खाच नव्हती. फळ बघून मी पान बघायचंच विसरले होते! लाज वाटली, पण हसूही आलं.

"कळंब पाहिजे व्हय?" मावशी म्हणाली. "त्येला पान्याची वढ. वरच्या ओढ्याला डोह हाय, थितं जा."

आम्ही जवळजवळ पळतच गेलो. म्हणजे मी पळत होते आणि अक्का मागून मला शिव्या देत होत्या. डोहात गुडघाभर पाणी उरलं होतं आणि काठावर एक झाड उभं होतं. करड्या सालीचं, भरपूर फांद्यांचं. यावेळी मी ओरडले नाही. आधी पान. समोरासमोर दोन, देठापाशी गोल, खाच नाही. फांदीच्या शेंड्याला दोन बारकी पानं हात जोडल्यासारखी मिटलेली. मग जुन्या काटक्यांवर नजर गेली. गेल्या सालची काळी बोंडं!

"अक्का, तुमची चंची द्या."

"आत्ता पान खातीस?"

"खायला नाही हो, मोजायला!"

अक्कांनी कमरेची चंची सोडली. विड्याचं पान काढलं, सुपारी काढली. मी ती कळंबाच्या फांदीशेजारी दगडावर मांडली आणि फोटो काढले. फांदी, पाठ, बोंड, साल. रेंज फक्त एका खडकावर येत होती. त्यावर चढून लेकीला पाठवले आणि फोन लावला. ती घरी अल्बम मांडीवर घेऊन बसलेली.

"आई, थांब, उघडतेय... आई! पान सारखंच आहे!"

"बोंड बघ. सुपारीशेजारी बघ."

"तेवढंच आहे. आई, तोच आहे! ती हात जोडलेली पानं अल्बमातल्या फोटोत पण आहेत, आपण बघितलीच नव्हती!"

अक्कांनी माझ्या हातातून मोबाईल घेतला. "नवरीबाई, तुझ्या आईनं मला डोंगरावर आनून मारलं बघ. आन आमच्या ह्यास्नी, तुझ्या थोरल्या बापाला सांग, दोडका न्हाई, कळंब सापडला." मग सुपारी उचलून पुसली आणि तोंडात टाकली.

झाडाला हळदकुंकू वाहून एकच फांदी घेतली, ओल्या फडक्यात गुंडाळली. दिवस मावळायच्या आत ओट्यावर पोहोचलो.

भावजींनी फांदी घेतली, अल्बमातला फोटो शेजारी धरला. मग अक्कांकडं न बघता थेट मला विचारलं, "आजून हायत का तिथं झाडं?"

माझा पदर हातात तसाच राहिला. "एकच दिसलं," मी म्हणाले. "पण बोंडांत बी असंल. रोपं करून बघते."

"कर," ते म्हणाले, आणि फांदी घेऊन मारुतीच्या देवळाकडं निघाले.

दुसऱ्या दिवशी नवरीची आई म्हणून देवकासमोर मीच बसले होते. फोटोवाला म्हणाला, "ताई, इकडं बघा." मी म्हणाले, "थांब जरा." सुपारी उचलून बोंडाला चिकटून ठेवली, विड्याचं पान जवळ सरकवलं आणि कळंबाचं एक पान उलटं केलं, पाठ दिसेल असं.

"आता काढ," मी म्हणाले. "जवळून काढ."